रीगाचे बल्लवाचार्य मार्तिन्श रीतिन्श

इ. स. १९४९ हे साल लाटव्हियाच्या इतिहासात दोन घटनांसाठी लक्षात ठेवावे असे आम्हांस वाटते. त्यांतली पहिली घटना त्या देशातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. २५ मार्चच्या पहाटे सोव्हिएत अधिकारी सशस्त्र शिपायांसह खेडोपाडी शेतकऱ्यांच्या दारांत उभे राहिले आणि चार-पाच दिवसांत सुमारे ४२,००० माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे रवाना करण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. दुसऱ्या घटनेची त्या वेळी कोणी दखल घेतली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तेथून दोन हजार किलोमीटरवर, इंग्लंडमध्ये एका लाटव्हियन निर्वासित दांपत्यास मुलगा झाला. त्याचे नाव मार्तिन्श रीतिन्श. हा मुलगा पुढे आचारी झाला.

एका आचाऱ्याच्या जन्माची नोंद हजारो कुटुंबांच्या हद्दपारीशेजारी करणे कोणास विचित्र वाटेल. परंतु स्वयंपाक चुलीपाशी सुरू होत नाही, तो शेतात सुरू होतो. मार्चच्या त्या पहाटेने जे शेतकरी उचलून नेले त्यांच्याच गोठ्यांतून, धुराड्यांतून आणि बरण्यांतून लाटव्हियाचे जेवण घडत आले होते. आणि पंचेचाळीस वर्षांनंतर, तुटलेला तो धागा पुन्हा जोडण्याचा उद्योग ज्यांनी रीगा शहरात मांडला, त्यांत रीतिन्श यांचे नाव अग्रभागी येते. तेव्हा या दोन घटना एकत्र वाचल्यावाचून त्यांचे चरित्र नीट उलगडत नाही.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा छोटा देश. उत्तरेस एस्टोनिया, दक्षिणेस लिथुएनिया, पूर्वेस रशिया. क्षेत्रफळ सुमारे साडेचौसष्ट हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाहून पुष्कळ कमी. आणि लोकसंख्या आज एकोणीस लाखांच्या आत, म्हणजे एकट्या इंदूर शहराहूनही थोडी. तेथील भाषा ना रशियन कुळातली ना जर्मन. लिथुएनियन आणि लाटव्हियन या दोन भाषा इंडो-युरोपीय परिवाराच्या बाल्टिक शाखेतील आज बोलल्या जाणाऱ्या भाषा होत. त्यांनी काही फार जुने शब्द जपून ठेवले आहेत. लाटव्हियन माणूस मधाला 'मेदुस' म्हणतो. आपला 'मधु' डोळ्यांपुढे येतो. विस्तवाला तो 'उगुन्स' म्हणतो, धुराला 'दूमि', देवाला 'दिएव्स'. 'अग्नि', 'धूम' आणि 'देव' या शब्दांशी त्यांचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच मान्य केले आहे. ज्या झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाला लाटव्हियनमध्ये 'बेर्ज्स' म्हणतात. फरक इतकाच, की तेथील भूर्जाच्या बुंध्याला वसंताच्या आरंभी भोक पाडून त्यातून झिरपणारा गोडसर रस लोक पितात, आंबवतात आणि बाटल्यांत भरून ठेवतात. एवढ्या लांबच्या देशाच्या स्वयंपाकघरात शिरावे आणि मध, विस्तव नि धूर हे तिन्ही शब्द ओळखीचे निघावेत, याचा आम्हांस मोठा आनंद वाटला.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. त्या देशाचे मुख्य धान्य राय. आपल्याकडे, विशेषतः माळव्यात, राई म्हणजे मोहरी. तिचा या धान्याशी काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या नात्यातले, थंडी सोसणारे, काळपट पिठाचे धान्य. त्याचे पीठ आंबवून भाजलेला जड, काळा, किंचित आंबट पाव हा लाटव्हियन जेवणाचा कणा होय. त्याच्या भोवती मग डुकराचे खारवलेले मांस, धुरावलेली मासळी, दही-चक्का, आंबवलेली कोबी, आपल्या आंबट चुक्याच्या कुळातील पाल्याचे सार, भांगेच्या जातीच्या झाडाचे बी वाटून केलेले लोण्यासारखे कालवण, रानातील अळंब्या आणि बोरांएवढी आंबट लाल फळे. नाताळात मोठे करडे वाटाणे शिजवून डुकराच्या चरबीच्या तुकड्यांसह खावयाचे, आणि ताटात एकही वाटाणा उरू द्यायचा नाही. उरलेला प्रत्येक वाटाणा म्हणजे पुढील वर्षीचा एक अश्रू. जूनच्या अखेरीस, वर्षातील सर्वांत लहान रात्री, 'यानि'चा सण येतो. तेव्हा दूध व चक्का तापवून, त्यात अंडी, लोणी आणि शहाजिऱ्यासारखे दाणे घालून गोल चीज बांधावयाचे. हे जेवण श्रीमंती नव्हे. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते तेथे टिकवून ठेवण्याची विद्या हीच पाकविद्या, आणि मीठ, धूर व आंबवण ही तिची तीन साधने.

परंतु कित्येक शतके या जेवणास 'पाकशास्त्र' म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती. तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्धे आले, तेव्हापासून जमीन जर्मन सरदारांची आणि तिच्यावर राबणारा शेतकरी लाटव्हियन, अशी व्यवस्था रुजली. पुढे पोलंड आले, स्वीडन आले, अठराव्या शतकात रशियाचे साम्राज्य आले, तरी वाड्यात जर्मन सरदारच राहिला. लाटव्हियन भाषेतील पहिले पाकपुस्तक १७९५ साली छापले गेले. रुबेने या गावच्या क्रिस्तोफ हार्डर नावाच्या पाद्र्याने ते सिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच ते जर्मन पुस्तकांवरून भाषांतरित केल्याचे सांगितले आहे. म्हणजे लाटव्हियन भाषेत पाककृती प्रथम लिहिल्या गेल्या त्या वाड्यातील लाटव्हियन आचाऱ्याने धन्यास जर्मन पदार्थ रांधून घालावेत म्हणून. स्वतःच्या घरी तो काय शिजवतो हे लिहून ठेवण्याचे कोणास प्रयोजन वाटले नाही.

भूदासपद्धती कुर्लंड प्रांतात १८१७ साली व लिव्हलंडमध्ये १८१९ साली उठली, पण जमिनीवाचून. लाटगालेच्या शेतकऱ्याला तर १८६१ पर्यंत वाट पाहावी लागली. खरा पालट झाला तो १८ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वतंत्र लाटव्हियाची घोषणा झाल्यावर. १९२० च्या भूमिसुधारणा कायद्याने सरदारांच्या मोठ्या जमिनी काढून घेऊन त्या भूमिहीनांस आणि सैनिकांस वाटल्या. दहा-पंधरा वर्षांत या नव्या छोट्या शेतकऱ्यांनी सहकारी दुग्धालये उभारली आणि लाटव्हियाचे लोणी व बेकन जर्मनी आणि इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागले. रीगाची मध्यवर्ती मंडई १९३० साली उघडली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी आपल्या झेपेलिन हवाई जहाजांसाठी वाइन्योदे येथे प्रचंड कोठारे बांधली होती. त्यांचे लोखंडी सांगाडे आणून त्यांवर मंडईची पाच दालने उभी केली. युद्धाच्या साहित्यातून भाजीबाजार उभा करणारे शहर दुसरे कोणते असेल, आम्हांस आठवत नाही. ती मंडई आजही भरते.

हे सुख वीस वर्षे टिकले. १९३९ च्या ऑगस्टात हिटलर व स्टालिन यांनी गुप्त कलमांनी पूर्व युरोप वाटून घेतला. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. १४ जून १९४१ च्या रात्री पहिली हद्दपारी झाली; तीत सुमारे १५,००० माणसे गेली. लगेच जर्मन आले. त्यांच्या अमलात लाटव्हियातील सुमारे सत्तर हजार ज्यूंची हत्या झाली. रीगाजवळच्या रुंबुला येथील वनात ३० नोव्हेंबर व ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांतच सुमारे पंचवीस हजार माणसे मारली गेली आणि या कृत्यांत काही स्थानिक लाटव्हियनांचाही हात होता. रीगाच्या जेवणाचा इतिहास लिहिणाऱ्याने एवढे विसरता कामा नये, की त्या दोन दिवसांत शहराच्या निम्म्या गल्ल्यांतील चुली कायमच्या विझल्या. १९४४ मध्ये लाल सेना पुन्हा जवळ आली, तेव्हा लाखाहून अधिक लाटव्हियनांनी जहाजांतून, गाड्यांतून, मिळेल त्या वाटेने पश्चिमेची वाट धरली. त्यांतील बहुतेक जर्मनीतील निर्वासित छावण्यांत पोहोचले.

छावण्यांतून पुढे कोठे जावयाचे हा प्रश्न होता. ब्रिटनला युद्धानंतर मजूर हवे होते. क्षयरोग्यांच्या रुग्णालयांत कामासाठी बाल्टिक स्त्रियांना नेण्याची एक योजना १९४६ साली निघाली आणि १९४७ साली 'वेस्टवर्ड हो' या नावाने दुसरी, मोठी योजना सुरू झाली. गिरण्या, शेते, खाणी, विटांच्या भट्ट्या येथे या माणसांस लावण्यात आले. आरंभी परवानगीवाचून काम बदलण्याची त्यांस मुभा नव्हती. वकील, शिक्षक, शेतमालक असे लोक मुकाट्याने कापड विणू लागले. रीतिन्श यांचे आईवडील याच निर्वासित पिढीतले. मुलगा जन्मला त्या वेळी इंग्लंडमध्येही अन्नाचे रेशन होते आणि ते ४ जुलै १९५४ रोजी पुरते उठले. म्हणजे हा भावी बल्लवाचार्य साडेचार वर्षांचा होईपर्यंत शिधापत्रिकेवरच वाढला. आमच्या पिढीतील ज्या वाचकांनी १९६५-६६ च्या सुमाराच्या रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

परदेशी गेलेला समाज काय जपतो, हा मोठा चिंतनीय विषय आहे. लाटव्हियनांनी गायनमंडळे जपली, शनिवारच्या शाळा चालवून मुलांस भाषा शिकवली, आणि सणाचे पदार्थ जपले. नाताळचे करडे वाटाणे, यानिचे चीज, डुकराच्या मांसाचे बारीक सारण भरून केलेले चंद्रकोरीच्या आकाराचे पाव, हे इंग्लंडात, कॅनडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात घरोघर होत राहिले. रोजचे जेवण मात्र हळूहळू त्या त्या देशाचे झाले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या घरांतूनही हेच दिसते. सणाच्या पानावर मूळ गाव उतरते आणि एरवीच्या ताटात नवा मुलूख. पण साम्य येथेच संपते. आपले पूर्वज फौजांबरोबर आणि दौलतीच्या कामासाठी आले, मूळ गावाचा रस्ता त्यांस सदैव मोकळा होता. या लोकांच्या मागे तो रस्ता बंद झाला होता, आणि गावात राहिलेल्या भावाचे पत्र आले तर ते आधी कोणीतरी उघडून वाचलेले असे.

आता मागे राहिलेल्यांचे पाहू. १९४९ च्या हद्दपारीचा हेतू शिक्षा करणे एवढाच नव्हता. सामुदायिक शेतीस नकार देणाऱ्या शेतकऱ्यांस धाक बसावा, हा होता. आणि तो पुरा साधला. काही आठवड्यांतच निम्म्याहून अधिक शेतकरी सामुदायिक शेतीसंस्थांत दाखल झाले आणि वर्षअखेरीस स्वतंत्र शेतकरी अपवादालाच उरला. ज्याच्या गोठ्यात पाच गाई होत्या त्याला एक ठेवता आली. लोणी, मांस, मासळी वरिष्ठांच्या आराखड्याप्रमाणे मॉस्को-लेनिनग्राडकडे जाऊ लागली. रीगाचे धुरावलेले लहान मासे तेलात घालून डबाबंद होत आणि साऱ्या सोव्हिएत संघात ती चैनीची वस्तू गणली जाई. खुद्द रीगाच्या गृहिणीस तो डबा ओळखीवाचून सहसा मिळत नसे.

सरकारी भोजनगृहांची व्यवस्था तर अभ्यासण्याजोगी होती. साऱ्या संघराज्यासाठी पाककृतींचे अधिकृत संग्रह छापलेले असत. प्रत्येक पदार्थास लागणाऱ्या जिनसांचे सोलण्यापूर्वीचे वजन, सोललेले वजन आणि शिजवलेले वजन ग्रॅममध्ये दिलेले. आचाऱ्याने त्यात आपल्या मनाने चिमूटभर फरक करणे म्हणजे गैरव्यवहाराचा संशय ओढवून घेणे. आमचे सारे आयुष्य शासकीय नोकरीत गेले असल्याने तक्ते आणि प्रमाणपत्रके यांविषयी आमच्या मनात अढी नाही. त्यांच्यावाचून दुष्काळात धान्य वाटता येत नाही हे आम्ही जाणतो. पण तक्त्याने पोट भरते, चव मात्र मरते. रीगापासून व्लादिवोस्तोकपर्यंत तोच कटलेट आणि तेच बटाट्याचे सॅलड. या पद्धतीत वाढलेल्या आचाऱ्यांच्या दोन पिढ्यांना बाजारात जाऊन आज काय चांगले आले आहे हे पाहून मग पदार्थ ठरवायचा, ही गोष्टच अपरिचित झाली.

तरीही विद्या पुरती बुडाली नाही. सामुदायिक शेतीतल्या प्रत्येक कुटुंबास सुमारे अर्ध्या हेक्टरचा परसू राखता येई. त्या परसात म्हाताऱ्या बायांनी वाटाण्याचे जुने बियाणे टिकवले. देशाचा निम्मा भाग अरण्य. त्यात कोणती अळंबी खावी, कोणती टाळावी, हे कोणत्याही पंचवार्षिक योजनेवाचून आजीकडून नातीकडे जात राहिले. परदेशातील लाटव्हियनांना वाटे की खरा लाटव्हिया आपल्याजवळ आहे, आणि देशातल्यांना वाटे की आपण जे सोसले त्याचा यांना गंधही नाही. आमच्या मते दोघांजवळ निम्मे निम्मे होते. एकांजवळ सणाची आठवण आणि मोकळ्या बाजाराचा सराव. दुसऱ्यांजवळ माती, बियाणे आणि हाताची सवय.

रीतिन्श पाकविद्या शिकले ती इंग्लंडमध्ये, आणि पुढे कॅनडात टोरोंटो येथे त्यांनी हाच व्यवसाय केला. युरोपीय पद्धतीची शिस्तबद्ध पाकविद्या त्यांच्या हाती होती. घरी लाटव्हियन भाषा होती. सर्वसाधारण क्रमाने ते त्या देशातील एक सुस्थित व्यावसायिक म्हणून निवृत्त झाले असते. पण २३ ऑगस्ट १९८९ रोजी तिन्ही बाल्टिक देशांतील लाखो लोकांनी हातात हात धरून सहाशेहून अधिक किलोमीटरची मानवी साखळी उभी केली, ४ मे १९९० रोजी लाटव्हियाच्या विधिमंडळाने स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेचा ठराव केला, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ते स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले. पन्नास वर्षे बंद असलेला रस्ता उघडला. त्या रस्त्याने परत फिरणारे थोडेच निघाले. इंग्लंडात जन्मलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या रीतिन्श यांनी मात्र आईवडिलांच्या देशी जाऊन राहण्याचे ठरविले.

तो काळ कसा होता हे ध्यानात घेतले पाहिजे. १९९२ साली तेथे महागाई वर्षाला शेकडो टक्क्यांनी भडकली. सोव्हिएत रूबल गेला, तात्पुरता लाटव्हियन रूबल आला, मग १९९३ मध्ये 'लात' हे जुने नाणे परत आले. सामुदायिक शेतीसंस्था मोडल्या आणि जमिनी जुन्या मालकांस किंवा त्यांच्या वारसांस परत देण्याचे काम सुरू झाले. वारस कधी शहरातला कारकून, कधी टोरोंटोतला वृद्ध. मालकी परत आली तरी गोठा, यंत्रे आणि सराव परत येत नव्हता. शिवाय लोकांची मनःस्थितीही अशी, की जे परदेशी तेच उत्तम. अर्धे शतक ज्यांना पाश्चात्य वस्तू दिसल्या नव्हत्या त्यांना हॉलंडचा टोमॅटो घरच्या टोमॅटोपेक्षा मोलाचा वाटला तर दोष कोणाला द्यावा?

१९९४ साली रीगाच्या एलिझाबेट मार्गावर 'विन्सेंट्स' हे उपाहारगृह उघडले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला रशियन फौजांनी लाटव्हिया सोडला. 'विन्सेंट्स'च्या मुदपाकखान्याचे प्रमुख रीतिन्श. त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी खेड्यातली थाळी जशीच्या तशी उचलून पांढऱ्या मेजपोसावर मांडली नाही आणि पॅरिसची नक्कलही केली नाही. पद्धत युरोपीय, पण जिन्नस शक्यतो लाटव्हियाचा, हे त्यांचे सूत्र. हे बोलणे सोपे आहे. करताना काय होते ते पाहा. चांगल्या उपाहारगृहास आठवड्यातून ठरल्या दिवशी, ठरल्या आकाराचा, ताजा माल लागतो. नव्याने शेतकरी झालेल्या माणसाजवळ दहा कोंबड्या आणि एक गाय. त्याला आगाऊ सांगावे लागते, त्याचा माल पाहून परत करावा लागतो, तरी पुढल्या खेपेस पुन्हा मागवावा लागतो. कोवळी भाजी कोवळी असतानाच काढ, वजनासाठी वाढू देऊ नकोस, हे पटवावे लागते. कारण आतापर्यंत त्याने टनांत हिशेब दिलेला. छोट्या उत्पादकांच्या, बकरीचे चीज करणाऱ्यांच्या, रानातून अळंब्या नि फळे आणणाऱ्यांच्या मालाला मानाचे गिऱ्हाईक मिळवून देणे, हे रीतिन्श यांनी वर्षानुवर्षे केले. आमच्या दृष्टीने त्यांचे खरे कर्तृत्व यात आहे. ताटाची सजावट कोणीही शिकतो.

त्यांना घरोघर पोहोचविले ते दूरचित्रवाणीने. त्यांच्या कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ 'याहून चांगले ते काय असणार?' असा होतो. हे वाक्य त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यांनी पाकपुस्तकेही लिहिली. ग्रॅमच्या तक्त्यावर पोसलेल्या पिढीपुढे एक मनुष्य हसतमुखाने लोण्याचा गोळा कढईत टाकतो, चाखून पाहतो, मीठ वाढवतो, हे दृश्य तेथे केवळ मनोरंजन नव्हते.

त्यांचे दुसरे कार्य 'स्लो फूड' चळवळीचे. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांपाशी मॅकडोनल्डचे दुकान निघाले, त्याच्या निषेधातून १९८६ साली इटलीत कार्लो पेत्रिनी यांनी ही चळवळ उभारली आणि १९८९ मध्ये पॅरिस येथे तिचा जाहीरनामा संमत झाला. अन्न चांगले असावे, निर्मळ असावे आणि पिकवणाऱ्याला रास्त दाम देणारे असावे, असा तिचा आग्रह. लाटव्हियातील स्लो फूड संघटनेचे नेतृत्व रीतिन्श यांच्याकडे होते. उत्तरेतील स्ट्राउपे या छोट्या गावी भरणारा शेतकऱ्यांचा बाजार या चळवळीच्या जागतिक जाळ्यात समाविष्ट झाला आहे.

२००४ साली लाटव्हिया युरोपीय संघात आणि 'नाटो'त गेला आणि पाहुण्यांची रीघ लागली. ऑक्टोबर २००६ मध्ये इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ आली, नोव्हेंबर २००६ मध्ये नाटोची शिखर परिषद रीगात भरली, मे २००७ मध्ये जपानचे सम्राट अकिहितो आले. राणी आणि सम्राट यांच्यासाठी रांधण्याचा मान रीतिन्श यांस मिळाला. ज्या राणीच्या वडिलांच्या राज्यात आपले आईवडील निर्वासित म्हणून उतरले, तिला त्यांच्या मुलाने आपल्या देशात यजमान म्हणून वाढावे, यात जे आहे ते आम्ही शब्दांनी अधिक फुलवू इच्छित नाही.

या सर्व पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या राष्ट्राध्यक्षा वाइरा वीके-फ्राइबेर्गा यांची कथाही याच वाटेची आहे. १९३७ साली रीगात जन्म, सात वर्षांच्या असताना पलायन, जर्मनीतील छावणीत तान्ह्या बहिणीचा मृत्यू, मग मोरोक्को, मग कॅनडा. माँट्रियल विद्यापीठात त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि लाटव्हियन लोकगीतांचा, विशेषतः सूर्यगीतांचा, त्यांनी संगणकाच्या साह्याने अभ्यास केला. १९९८ मध्ये त्या परतल्या, आणि १९९९ ते २००७ या काळात देशाच्या राष्ट्राध्यक्षा होत्या. एकीने परदेशात राहून गीते सांभाळली, दुसऱ्याने चव.

रीतिन्श यांच्यावर आक्षेप घेता येण्यासारखे आहेत आणि ते आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाहीत. 'विन्सेंट्स' हे श्रीमंतांचे उपाहारगृह होते. ज्या वृद्धेने परसात बियाणे टिकवले तिच्या निवृत्तिवेतनात तेथले एक जेवण बसले नसते. शिवाय, इतिहासाने एक क्रूर थट्टा केली. २००८-०९ च्या आर्थिक अरिष्टात लाटव्हियाइतका फटका युरोपात क्वचितच कोणास बसला. बँक बुडाली, पगार कापले गेले, आणि तरुण माणसे इंग्लंड-आयर्लंडच्या वाटेला लागली. २००० च्या जनगणनेत २३.८ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये २०.७ लाखांवर आली. १९४७ साली निर्वासित ज्या देशात मजुरीस गेले, त्याच देशाच्या शेतांवर त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले पुन्हा भाजी तोडू लागली. एका उपाहारगृहाने, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा ओघ थांबणार नव्हता. तो थांबवणे आचाऱ्याचे काम होते असेही कोणी म्हणणार नाही. मात्र जे शेतकरी टिकले, त्यांना आपल्या मालाची किंमत ओळखणारे गिऱ्हाईक शहरात तयार झालेले सापडले. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपीय दुग्धपदार्थ व मांस यांवर बंदी घातली आणि जून २०१५ मध्ये लाटव्हियाचे डबाबंद मासेही रोखले, तेव्हा या गोष्टीचे मोल कळून आले.

त्याच सुमारास ब्रुसेल्सच्या दफ्तरात लाटव्हियन पदार्थांची नावे नोंदवली जाऊ लागली. रायच्या पारीत गाजर व बटाट्याचे सारण घालून केलेली 'स्क्लांद्राउसिस' ही पश्चिम किनाऱ्यावरची रोटी २०१३ साली संरक्षित झाली. त्यानंतर काळा पाव, आणि २०१५ मध्ये मोठे करडे वाटाणे, यानिचे चीज व कार्निकावा गावचे धुरावलेले लांबट मासे. हे काम शेतकरी संघांचे व खात्यांचे, एकट्या रीतिन्श यांचे नव्हे. पण १७९५ साली ज्या पदार्थांना पाकपुस्तकात जागा नव्हती त्यांना युरोपच्या राजपत्रात जागा मिळाली. नंतरच्या पिढीतील रीगाचे आचारी तर करडे वाटाणे, भूर्जाचा रस आणि धुरावलेली मासळी यांचा उल्लेख आपल्या पत्रकात अभिमानाने करतात. १९९४ साली असे करणाऱ्याला लोकांनी खेडवळ म्हटले असते. २०१७ मध्ये रीगा आणि गाउया परिसर युरोपीय पाकसंस्कृतीचा प्रदेश म्हणून गौरविला गेला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वयाच्या बहात्तराव्या वर्षी मार्तिन्श रीतिन्श यांचे निधन झाले. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध मिशेलिन मार्गदर्शिकेने लाटव्हियातील उपाहारगृहांची आपली पहिली यादी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केली. रीगातील एका उपाहारगृहाला एक तारा मिळाला. तोपर्यंत रीतिन्श यांना जाऊन एकवीस महिने लोटले होते, आणि मध्यवर्ती मंडईच्या झेपेलिन-दालनांत करड्या वाटाण्यांची पोती नाताळच्या गिऱ्हाइकांसाठी उघडून ठेवलेली होती.